रेडिओवर आलेल्या मेंढ्या

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले. सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, बायका हंडे-कळश्या घेऊन धावल्या, पाइपांची ओढाओढ सुरू झाली, आणि मी चहाचं आधण ठेवता ठेवता थांबले. माझ्या जिभेवर पाकिटाच्या डिंकाची चव आली होती. गोडसर, तुरट, कागदी. पाण्याचा टँकर आणि पाकिटाचा डिंक यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मला ते एका दमात सांगता येणार नाही. पण ज्या उन्हाळ्यात मी ती चव तोंडात घेऊन बीडभर फिरले, त्या उन्हाळ्यातही गल्लीत असाच हॉर्न वाजायचा. तेव्हापासून टँकर दिसला की मला तहान लागत नाही. शिसारी येते.

तेव्हा मी मनोहर सरांच्या प्रसिद्धी कचेरीत कामाला होते. कचेरी म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. खालून औषधांचा उग्र वास यायचा आणि वर मनोहर सरांच्या अत्तराचा. दोन्ही वास एकमेकांत मिसळले की दुपारचा डबा नकोसा व्हायचा. पतसंस्था, दूध संघ, सराफाचं दुकान, शिकवणीचे वर्ग, ज्याला म्हणून आपलं नाव चार लोकांच्या कानांवर जावं असं वाटे, तो सरांकडे यायचा. सर त्याच्यासाठी प्रेसनोट काढायचे आणि मी ती रेडिओ केंद्रांवर पोचवायचे. पेपरांकडे दुसरी माणसं जात. माझ्याकडे फक्त रेडिओ होता.

सरांचा रेडिओवर फार जीव. "वाघमारे, पेपरात आलेलं माणूस वाचतो आणि त्याच कागदावर भजी खातो," ते म्हणायचे. "रेडिओवर आलेलं तो शेजाऱ्याला सांगतो." हे ते शोध लावल्यासारखं सांगत आणि सांगताना बोटाला थुंकी लावून कागद मोजत. तेच कागद मग मला घ्यावे लागत. मी कोपरा धरून घ्यायचे.

पाकिटं चिकटवायला टेबलावर आधी ओल्या स्पंजाची वाटी असायची. उन्हाळा चढला तशी सरांनी ती उचलून कपाटात ठेवली. म्हणाले, "दुष्काळ आहे, पाणी जपून वापरा." स्वतःच्या टेबलावरचा गार पाण्याचा जार मात्र त्यांनी हलवला नाही. तेव्हापासून मी पाकिटं जिभेनं चिकटवू लागले. पिण्याच्या पाण्याची आणीबाणी, सहकाराची घोडदौड, चेअरमनसाहेबांचा वाढदिवस, सगळं माझ्या जिभेवरून गेलं.

ते काम मला येत होतं, हेही सांगितलं पाहिजे. रेडिओची प्रेसनोट डोळ्यांनी लिहायची नसते. वाक्य एका श्वासात बसलं पाहिजे, जोडाक्षरांची गर्दी नको, कंस नको, आणि नाव एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी यायला हवं, म्हणजे मधे चहा ओतायला उठलेल्यालाही ते ऐकू जातं. मी लिहिलेलं आधी स्वतःशी मोठ्यानं वाचायचे. खालच्या दुकानातला हमाल विचारायचा, "ताई, कुणाशी भांडताव?" संध्याकाळी तीच वाक्यं केंद्रावरच्या निवेदिकेच्या तोंडून ऐकली की अंगावर काटा यायचा, इतकी ती खरी वाटायची. मीच लिहिलेलं असूनही. आज त्या काट्याचीच मला किळस येते.

त्या उन्हाळ्याचा रंग मला मातीचा आठवत नाही, पांढरा आठवतो. पांढरं आभाळ, पांढऱ्या पडलेल्या विहिरींचे तळ, नदीच्या पात्रात वाळू उपसून पडलेले खड्डे, आणि परळीच्या वीज केंद्राकडून येणाऱ्या गाड्यांवर बसलेली राख. आणि या सगळ्यात पांढरे कडक कपडे घातलेली माणसं. दुष्काळात बाकी सगळं मळत होतं, त्यांचे कपडे मात्र मळत नव्हते. ते धुवायला पाणी कुठून येत होतं, हे मी तेव्हा बाहेर कुणाला विचारलं नाही. एकदा घरी बाबांना विचारलं. बाबा शाळेत कारकून होते, शब्दाला जपणारे. ते म्हणाले, "त्यांच्याकडं विहिरी न्हाईत गं. त्यांच्याकडं संघ हाय."

दूध संघाचे चेअरमन म्हणजे आबासाहेब. त्यांच्या संघानं वडवणीच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली होती. सरकार छावणीतल्या जनावरामागं अनुदान देत होतं, पण ते गाई, बैल, म्हशी अशा मोठ्या जनावरांसाठी. शेळ्या-मेंढ्यांसाठी तेव्हा काही नव्हतं. छावणी वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पत्र्याची सावली होती, उसाच्या कांड्या होत्या, सिमेंटचे लांब हौद होते. माणसं आपापल्या बैलाशेजारी खाट टाकून राहत होती. उद्घाटनाची प्रेसनोट मी लिहिली होती आणि तिच्यात जे होतं तेच लिहिलं होतं. गाई, बैल, म्हशी, चारा, पाणी, रस्ता. आबासाहेबांचं नाव सुरुवातीला आणि शेवटी.

दुसऱ्या दिवशी सर संघाच्या कचेरीतून परत आले ते माझ्या कागदावर हिरव्या शाईनं एक ओळ घालून. 'शेळ्या-मेंढ्यांसह सर्व मुक्या जिवांची मोफत सोय.'

"सर, मेंढ्या घेणार आहेत का छावणीत?"

"घेत नाहीत."

"मग?"

"वाघमारे, वाक्य कसं भरल्यासारखं वाटतं बघा. आबासाहेबांना फार आवडलं."

"पण मेंढ्यावाले येतील की तिथं."

सर हसले. अगदी मनापासून हसले, लहान मूल काही बोललं की हसतात तसे. म्हणाले, "मेंढरामागं फिरणारी माणसं. ती कशाला रेडिओ ऐकतात?"

रेडिओवर पोट भरणाऱ्या माणसाला रेडिओ कोण ऐकतं हेच माहीत नव्हतं. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या घरी टीव्ही आहे तो कशाला रेडिओ लावेल? रेडिओ ऐकतो तो माळावरचा, ज्याला घर नाही, वीज नाही, आणि उद्या कुठं जायचं हे ज्याला आज ठरवावं लागतं. मेंढ्यावाल्यांच्या घोड्यावर संसार लादलेला असतो, भांडी, घोंगडी, कोंबडीचं खुराडं, आणि सगळ्यांत वर बांधलेला रेडिओ. कुठं पाऊस पडला, कुठं बाजार भरला, कुठं रोग आला, हे त्यांना त्याच्यातूनच कळतं. मी एवढे प्रश्न विचारते म्हणून सरांनी ती सुधारलेली नोट माझ्या हातात दिलीच नाही. संघाच्या जीपमधून ते स्वतः केंद्रावर गेले. ते एक पाकीट माझ्या जिभेवरून गेलं नाही. त्याचं मला काडीचंही समाधान नाही.

संध्याकाळी बातम्या लागल्या. निवेदिकेचा आवाज नेहमीसारखा स्वच्छ, धुतलेला. 'शेळ्या-मेंढ्यांसह सर्व मुक्या जिवांची.' बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मेंढ्यांची बी सोय केली व्हय? बरं झालं." मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही, ऊन लागलंय."

मुके जीव. हा शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही. भाषणात, पत्रिकेत, कुठंही दिसला तरी मी पान उलटते. मेंढी काही मुकी नसते. कळपाजवळ घटकाभर उभं राहून बघा, कान किटतात. आईला पिल्लू ओरडतं, पिल्लाला आई ओरडते, आणि प्रत्येकीला आपलं कोण ते आवाजावरून कळतं. मुकं म्हटलं की एक बरं असतं, त्यांच्या वतीनं आपल्याला बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात सरांनी मला छावणीवर पाठवलं. रेडिओ केंद्रावरचे कुरेशी साहेब छावणीवर एक कार्यक्रम करणार होते, ध्वनिमुद्रण करायला येणार होते. कुणाला बोलायला उभं करायचं, ते आधी ठरवून ठेवायचं होतं. मी रिक्षातून उतरले आणि फाटकाबाहेर मेंढ्या दिसल्या.

रणरणत्या उन्हात मेंढ्या गोल करून उभ्या राहतात. प्रत्येकीनं आपलं डोकं दुसरीच्या पोटाखाली खुपसलेलं असतं, तेवढीच सावली. वरून बघितलं तर डोकीच दिसत नाहीत, नुसत्या पाठी. बाभळीखाली जाळीचं कुंपण लावून कोकरं वेगळी ठेवलेली होती. त्या जाळीला ते वाघर म्हणतात. घोडा उभा होता, त्याच्यावर रेडिओ होता, आणि फाटकाच्या खांबाला टेकून एक बाई बसली होती. तिचं नाव कोंडाबाई. नवरा आत छावणीच्या मॅनेजरच्या हातापाया पडायला गेला होता.

"कुठून आलात?" मी विचारलं.

"नांदूरघाटाहून." तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी हापिसातल्या हाव का? मग सांगा की आत. रेडूवर सांगितलंय, मेंढरं घेत्यात म्हणून. आमी ऐकलंय. मालकानं दोनदा ऐकलंय."

मी खाली बसले. मग ती बोलत राहिली. नांदूरघाटच्या एका बापूंच्या वावरात त्यांनी मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्या बसवणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कळप वावरात मुक्कामाला ठेवायचा, लेंड्यांचं आणि मुताचं खत जमिनीला मिळतं, आणि त्याबदल्यात मेंढ्यावाल्याला धान्य मिळतं. त्या वर्षी धान्य कुणापाशी नव्हतं. बापूंच्या बोअरला मात्र थोडंसं पाणी टिकून होतं. खताच्या बदल्यात पाणी, असा त्यांचा ठराव झाला होता. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. बापू सकाळी मोटार लावायचे, आधी मेंढ्या प्यायच्या, त्यांच्या मागून कोकरं. रेट्यात चेंगरतात म्हणून कोकरं कायम शेवटी.

"बापू म्हनला, जाऊ नका. हितं हाय तवर हाय," कोंडाबाई म्हणाली. "पर आमाला वाटलं, बिचाऱ्याची बोअर आमीच कशाला आटवावी? सरकारी पानी मिळतंय म्हनल्यावर कुनाच्या जिवावर कावून बसावं? वाघर काढली आन निघालो."

"आता परत जाता येईल ना?"

"आता तिथं दुसऱ्याचा कळप बसला. वाटंत गाठ पडलीती त्यांची." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रेडू खोटं बोलंल व्हय बाई? तुमीच सांगा."

नवरा बाहेर आला आणि खाली बघत तिच्याशेजारी बसला. मॅनेजर त्याच्या मागून आला आणि माझ्यासमोर अदबीनं म्हणाला, "मॅडम, मेंढरांचं अनुदान न्हाई ना. हिशेबात कुठं दाखवायचं पानी?" त्याच्या पाठीमागं हौद भरलेला होता. वरती बारीक पाचोळा तरंगत होता. मी त्या पाण्याकडं बघितलं आणि तोंडात डिंकाची तीच चव आली. भरल्या पाण्याकडं बघून कुणाला थुंकावंसं वाटतं का? मला वाटलं.

तिथून मी थेट केंद्रावर गेले. कुरेशी साहेब म्हणजे सरळ माणूस, जुन्या शायरीचा शौकीन, टेबलावर पानाचा डबा आणि टेपांचा ढीग. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "वाघमारे मॅडम, बात तो सही हाय. पर खुलासा वाचायचा तर संस्थेच्या लेटरहेडवर पाहिजे, सही-शिक्क्यासकट. नोट त्यांची, खुलासा बी त्यांचाच."

"खोटं ज्यानं सांगितलं, त्यानंच ते खोटं आहे असं लिहून द्यायचं?"

"कायदा असाच हाय आमच्याकडं." मग जरा थांबून म्हणाले, "मी येतो ना रेकॉर्डिंगला. त्या बाईला माईकसमोर उभी करा. जे बोलंल ते टेपवर येईल. मग बघू."

त्या आशेवर मी परत छावणीवर गेले. कोंडाबाईला म्हणाले, रेडिओवाले येणार आहेत, त्यांच्यासमोर सगळं सांगा. नांदूरघाटचं सांगा, बापूंचं सांगा, फाटकाचं सांगा. ती म्हणाली, "मी बोललेलं ऐकू जाईल व्हय समद्यास्नी?" मी हो म्हणाले. तोवर ते दोघं आसपासच्या वस्त्यांवर हातापाया पडून बादलीबादलीनं पाणी मागत होते. बादलीत मेंढीचं तोंड बुडतं, कळप नाही भागत. जाळीतली कोकरं आता ओरडत नव्हती. आडवी पडून होती. कोंडाबाई येता-जाता त्यांच्या नाकाला ओला पदर लावायची.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी छावणी झाडून घेतली होती. आबासाहेब आले, कपडे नेहमीसारखे पांढरे. मनोहर सर आले, अत्तर नेहमीचंच. कुरेशी साहेब खांद्याला यंत्र लटकवून आले. आणि मॅनेजरनं फाटक उघडलं. मेंढ्या आत आल्या.

मला वाटलं, चला, रेडिओच्या निमित्तानं का होईना, पाणी तर मिळालं. मेंढ्या हौदावर तुटून पडल्या. पाणी पिणाऱ्या कळपाचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शेकडो तोंडांचा एकच सुर्र असा आवाज, मधे शिंका, मधे खुरांची टकटक, पुढं जागा न मिळालेल्यांचं केकाटणं. कुरेशी साहेबांनी माईक हौदाशी धरला. सर माझ्या कानाशी म्हणाले, "वाघमारे, काय आवाज आहे! पैसे देऊन मिळणार नाही असा." आबासाहेब माईकजवळ आले आणि बोलू लागले. सहकार, सेवा, दुष्काळाशी झुंज, शेळ्या-मेंढ्यांसह सर्व मुके जीव. माझ्याच कचेरीतली वाक्यं, एका श्वासात बसणारी.

मग कोंडाबाईपुढं माईक आला. ती आधी गोंधळली. डोईवरचा पदर नीट केला.

"कसं वाटतंय बाई इथं?" कुरेशी साहेबांनी विचारलं.

"पानी ग्वाड हाय," ती म्हणाली. "पर ह्ये आजच पाजलंय. इतके दिस फाटकाच्या भाईर हुतो आमी. पानी पाजलं ते नांदूरघाटच्या बापूनं. त्याचं नाव घाला रेडूवर. आन जरा दम धरा, कोकरं आणते. कोकरं राह्यलीत."

आबासाहेबांच्या कपाळावर आठी पडली. सरांनी कुरेशी साहेबांच्या दंडाला हात लावून "बास ना साहेब आता, झालं की भरपूर" असं म्हटलं. आबासाहेबांनी मॅनेजरकडं नुसतं बघितलं. मॅनेजरनं जाऊन पाइपाचा नळ फिरवला आणि त्याची चावीच काढून खिशात घातली. हौदात तळाला राहिलं ते गाळाचं पाणी, आणि तेही सोडून द्यायला त्यानं दुसऱ्या माणसाला हौदाचा बोळा काढायला सांगितलं. दोन पोरं काठ्या घेऊन मेंढ्यांना फाटकाकडं हाकू लागली. कुरेशी साहेबांच्या खांद्याचं यंत्र अजून चालूच होतं.

"आवं, थांबा की," कोंडाबाई ओरडली. "आजून कोकरं राह्यलीत!"

"उद्या बघू," मॅनेजर म्हणाला.

"आवं, थांबा की! आजून कोकरं राह्यलीत माझी!"

तिचा नवरा वाघर सोडून चार कोकरं काखेत घेऊन पळत आला होता. फाटक त्याच्या तोंडावर लागलं. मी मॅनेजरला काय काय बोलले ते मला आज आठवत नाही, घरी कधी न काढलेले शब्द तोंडातून गेले एवढं नक्की. सर म्हणाले, "वाघमारे, आपण इथं पाहुणे आहोत." आबासाहेब तोवर गाडीत बसलेही होते. काच वर गेली आणि गाडी धूळ उडवत निघून गेली.

मी बाहेर आले. पिशवीत माझी पाण्याची बाटली होती, अर्धी. ती कोंडाबाईला दिली. तिनं ओंजळीत पाणी घेऊन एका कोकराला पाजलं. मग दुसऱ्याकडं बघितलं, तिसऱ्याकडं बघितलं, आणि बाटलीला बूच लावून ती मला परत दिली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. कुनाला पाजू आन कुनाला ठिवू?"

त्यांना हवा होता तो मेंढ्यांचा आवाज. मेंढ्या नको होत्या. एवढी साधी गोष्ट होती ती, आणि माझं सगळं काम याच गोष्टीवर चाललं होतं.

कार्यक्रम लागला तेव्हा मी रेडिओसमोर बसून होते. आबासाहेबांचं भाषण आलं. बैलवाल्या दोघांचे आभार आले. आणि भाषणाच्या मागं, खाली, हलक्या आवाजात पाणी पिणाऱ्या मेंढ्या. कोंडाबाईचं एक अक्षर नाही. नांदूरघाटचे बापू नाहीत. दुसऱ्या दिवशी कुरेशी साहेबांकडं गेले तर त्यांनी नजर वर केली नाही. पान लावत राहिले. "वरून सांगितलं मॅडम. वेळेत बसत नव्हतं." मग अगदी हळू म्हणाले, "आणि तुमच्या सरांनी टेपची कॉपी पण मागून नेली. आवाज आवडला म्हणे." त्यांनी मला चहा विचारला. मला त्यांचा राग आला नाही. माणूस चांगला असून काय होतं, असं मात्र वाटलं आणि ते वाटणं रागापेक्षा वाईट होतं.

त्या दिवशी टेबलावर पाकिटांचा गठ्ठा होता. पतसंस्थेची नोट, 'सभासदांचा विश्वास हेच भांडवल'. मी एक पाकीट उचललं, जिभेजवळ नेलं आणि तोंड फिरवून खिडकीतून थुंकले. खालच्या हमालानं वर बघितलं. मी बॅग उचलली आणि जिना उतरले. सरांनी नंतर बाबांकडं निरोप धाडला, मुलगी हुशार आहे पण हेकट आहे. बाबांनी निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. घरात माझ्या पगाराची गरज होती, तरी मला कुणी काही बोललं नाही. पुढं मी पत्रिका छापायच्या दुकानात लागले, आज ते दुकान मीच चालवते. लग्नाच्या पत्रिकेत निदान नवरा-नवरी खरी असतात.

कोंडाबाई मला पुढं एकदाच भेटली. पावसाळा सरत आला होता, वडवणीच्या बाजारात ती मिरच्यांचा वाटा लावून बसली होती. मी तिला ओळखलं, तिनं मला आवाजावरून ओळखलं. घोडा नव्हता, रेडिओ नव्हता. कळप तिकडंच रस्त्यात खाटकाला घातला, असं तिनं सांगितलं. आता एका मळ्यात सालानं, वर्षाच्या बोलीवर, राबत होते दोघं.

"आणि कोकरं?"

"वाटंनं ऱ्हायली. आज एक, उद्या एक." मिरच्यांवरची माती ती बोटानं पुसत राहिली. मग एकदम वर बघून म्हणाली, "रेडूवर आलं का ओ माझं? मी बोललेलं?"

"तुमच्या मेंढ्या आल्या," मी म्हणाले. "तुमचं नाही आलं."

तिनं मान हलवली. तिला आश्चर्य वाटलं नाही. मी मिरच्या घेतल्या, तिनं वरून चार जास्तीच्या टाकल्या. नको म्हणाले तरी टाकल्या.

त्याला आता किती उन्हाळे झाले. प्रेसनोटा आता पाकिटातून जात नाहीत, मोबाईलवरून जातात, डिंक लागत नाही. मनोहर सर अजून आहेत, त्यांच्या मुलानं धंदा वाढवलाय. आबासाहेब थकले, दूध संघाच्या निवडणुकीला आता त्यांचा मुलगा उभा आहे. पुन्हा पाणी नाही आणि पुन्हा निवडणूक आहे, आमच्याकडं दोन्ही एकाच ऋतूत येतात.

आज सकाळी टँकर गेला आणि त्याच्या मागोमाग प्रचाराची रिक्षा आली. टपावर भोंगा. आधी सनई वाजली, मग भरदार पुरुषी आवाज, 'दुष्काळात धावून आलेलं घराणं, शेळ्या-मेंढ्यांसह सर्व मुक्या जिवांचे कैवारी.' आणि त्या आवाजाच्या खाली मेंढ्या पाणी पीत होत्या. सुर्र. मधे शिंक. खुरांची टकटक.

मी दारातच उभी राहिले. हात ओला होता, तसाच राहिला. सरांनी नेलेल्या टेपेतला तोच तुकडा होता. या वेळी तो कापणाऱ्यानं घाईत कापला असावा, किंवा त्याला सगळं ओरडणं सारखंच वाटलं असावं. कारण 'कैवारी' या शब्दाच्या मागं, लांबून, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

"आवं, थांबा की. आजून कोकरं राह्यलीत."

मी धावत जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाला तरणा होता, कानात बिकबाळी. "भाऊ, ते मघाचं परत लाव ना."

"कावून ताई? आवडलं का?"

"लाव रे."

त्यानं लावलं. सनई, घराणं, मुके जीव, मेंढ्या, आणि त्यांच्या मागून ती. टँकर गेला तरी बायका भरलेल्या हंड्यांपाशी जागच्या जागी उभ्या होत्या, कुणी मान वळवली नाही. रिक्षावाला भोंग्याकडं बोट करून अभिमानानं म्हणाला, "लई भारी आवाज हाय ना? समद्या जिल्ह्यात फिरतोय. परळीपस्तोर."

रिक्षा पुढच्या गल्लीत वळली. मी तिथंच उभी होते, आणि बाजारात मिरच्यांवरची माती पुसत बसलेल्या बाईला मनातल्या मनात सांगत होते, आलं हो कोंडाबाई. तुमचं आलं रेडिओवर. सगळ्या जिल्ह्यात ऐकू जातंय, आणि कोकरं अजून राहिलेलीच आहेत.